फोनवरच्या मुलाला डिग्री विचारू नका

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी ३४ वर्षांची, टिटवाळ्याला राहते. सहार कार्गोजवळच्या एका क्लिअरिंग एजंटकडे (कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याकडे) डॉक्युमेंटेशनला आहे. बारावी कॉमर्स झाले, एफवाय पास झाले, एसवायला अकाउंट्सचा विषय राहिला, केटी लागली. त्यातच वडील आजारी पडले आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. चार वर्षांपूर्वी जी कार्डाची परीक्षा पास झाले, म्हणजे कस्टम्सच्या कागदांवर एजंटतर्फे सही करता येते. आमचे शेट हल्ली म्हणतात, 'तू ग्रॅज्युएट असतीस तर एफ कार्डाला, कस्टम्स ब्रोकरच्या परीक्षेला, बसवली असती.' म्हणून नेटवर ऑनलाइन डिग्री शोधली, एका ठिकाणी नंबर टाकला, तेव्हापासून रोज फोन येतायत. एक मुलगा म्हणतो, लॉजिस्टिक्समधलं बीबीए घ्या, एक लाख वीस हजार फी, नो-कॉस्ट ईएमआयवर महिन्याला ३,३३३ रुपये, शेवटच्या तीनच सीट आहेत. ऑफिसमधला एक जण सांगतो, ओळखीतून मागच्या तारखेची डिग्री एका वर्षात निघते. घरी दोन मुलं, सासूबाई, एक खोली आणि किचन. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी त्या मुलाचा नंबर ब्लॉक करा. उद्या दुसऱ्या नंबरवरून फोन येईल, तोही करा. त्याला तुमच्या करिअरशी देणंघेणं नाही, महिनाअखेरचं टार्गेट आहे. आणि ऑनलाइन कोर्सला 'शेवटच्या तीन सीट' कुठल्या हो? बाकं मोजून ठेवलीत की काय?

मी बॅलार्ड इस्टेटला शिपिंगवाल्यांकडे माणसं घेण्याचं काम आयुष्यभर केलं, त्यामुळे तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. बहुतेक पत्रांत 'पुढे जायचंय' एवढंच असतं. कुठे जायचंय ते नसतं. तुम्हाला ते तुमच्या शेटनीच सांगितलंय : एफ कार्ड. म्हणजे डिग्री निवडायच्या आधी एफ कार्डाचा नियम वाचायचा. कस्टम्स ब्रोकर (आपण ज्याला क्लिअरिंग एजंट म्हणतो तोच) लायसन्सिंगचे २०१८ चे नियम आहेत. त्यात परीक्षेला बसण्याचा एक रस्ता असा : मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आणि जी कार्डावर कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव. दुसरी अट तुम्ही कधीच पार केलीत. राहिली पहिली. आणि तिथे नुसतं 'पदवीधर' म्हटलंय, लॉजिस्टिक्स, बीबीए असं काही नाही. उद्या तुम्ही मराठी घेऊन बी. ए. झालात तरी त्या खिडकीवर तुमचा अर्ज चालतो. मग चकचकीत नावासाठी सव्वा लाख का मोजायचे? चेकलिस्ट आणि शिपिंग बिलं रोज तुमच्या हाताखालून जातात. त्या बीबीएच्या पुस्तकात तुम्हाला शिकवण्यासारखं फार नसणार.

आता डिग्री कुठून. त्या मुलानं तुम्हाला ऑनलाइन एवढा एकच शब्द ऐकवला. पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ पदवी (पुस्तकं घरी, परीक्षा केंद्रावर) आणि ऑनलाइन पदवी, दोन्ही नेहमीच्या कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीच्या धरल्या जातात. आपल्याकडे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तिथे मराठीतून शिकता येतं. इग्नू १९८५ पासून आहे. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासून आहे, आपण सगळे ज्याला आयडॉल म्हणायचो तेच. यांची फी त्या सव्वा लाखाच्या जवळपासही जात नाही.

तुमच्या बाबतीत मी दूरस्थच म्हणेन. कारण तुम्हीच लिहिलंय : एक खोली आणि किचन. बऱ्याच ऑनलाइन डिग्र्यांची परीक्षा घरीच, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर होते. खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये, आवाज येता कामा नये, नजर सारखी बाजूला गेली तरी सूचना येते. मागून सासूबाईंनी 'कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या गं?' विचारलं की संपलं. त्यापेक्षा केंद्रावर जाऊन तीन तास पेपर लिहून यावं. लेक्चर प्रवासात ऐकू म्हणाल, तर घाटकोपरहून संध्याकाळच्या टिटवाळा लोकलमध्ये फोन पर्समधून बाहेर काढता आला तरी पुष्कळ. रविवारची सकाळ आणि छापील पुस्तक, एवढाच हिशोब धरा. परीक्षा मार्चअखेरच्या आसपास येत नाही ना ते आधी पाहा. त्या दिवसांत एक्स्पोर्टची धावपळ असते आणि तुमचे शेट कितीही भले असले तरी रजा देणार नाहीत.

पहिली फेरी मुंबई विद्यापीठात, कलिन्याला मारा. तुमच्या ऑफिसपासून ते काही लांब नाही. विद्यानगरीत डॉ. शंकरदयाळ शर्मा भवन विचारा. तुमची एफवायची जुनी मार्कशीट दाखवून एकच प्रश्न : हे वर्ष धरलं जाईल का? अभ्यासक्रम मधल्या काळात बदललेत, तेव्हा उत्तर काउंटरवरच मिळवा, ओळखीच्यांकडून नको. हो म्हणाले तर बी. कॉम. पुरं करा, एक वर्ष वाचेल. नाही म्हणाले तर सरळ मुक्त विद्यापीठात बी. ए. अकाउंट्सशी जुनं भांडण पुन्हा उकरायची गरज नाही.

कुठलंही विद्यापीठ असो, पैसे भरण्याआधी यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर त्याचं नाव तपासा. नुसतं विद्यापीठाचं नाव असून भागत नाही. तुमचा कोर्स, पद्धत आणि तुमचं सत्र, हे सगळं यादीत हवं. प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जानेवारी-फेब्रुवारीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये. त्यामुळे आज रात्री बारापर्यंत काहीही बंद होत नसतं.

त्या ईएमआयबद्दल दोन शब्द. नो-कॉस्ट म्हटलं तरी ते तुमच्या नावावरचं कर्ज असतं, एखाद्या फायनान्स कंपनीचं. तुम्ही दुसऱ्या सत्रात अभ्यास सोडलात तरी हप्ता सुटत नाही. उद्या घरासाठी कर्ज काढायला गेलात की सिबिलमध्ये ते दिसतं. टिटवाळ्यात भाड्यानं राहत असाल तर याचा विचार आधी करा.

आणि मागच्या तारखेची डिग्री. तो ऑफिसमधला मनुष्य तुमचा हितचिंतक नाही, एवढं समजा. बी. ए., बी. कॉम. ला तीन वर्षं लागतात, ती एका वर्षात होत नाही. ज्या कस्टम्सपुढे रोज खऱ्या कागदांवर उभं राहायचं, त्यांच्याकडेच खोटा कागद द्यायचा? एफ कार्ड राहिलं बाजूला, हातातलं जी कार्डही जाईल आणि पोलिसांचं लचांड मागे लागेल ते वेगळं.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट आजच करून ठेवा. बारावीची मार्कशीट माहेरच्या नावाची असेल आणि आधार सासरच्या नावाचं. आता दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला डीईबी आयडी (त्याच डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोचा विद्यार्थी क्रमांक) लागतो, त्याच्याआधी एबीसी आयडी (तुमची क्रेडिट्स जमा होतात त्या खात्याचा क्रमांक), आणि ते आधारवरून निघतं. नावं जुळली नाहीत की बायकांचे अर्ज इथेच अडकतात. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, नावबदलाचं गॅझेट केलं असेल तर त्याची प्रत. विद्यापीठाला कुठलं नाव लावायचं ते एकदाच ठरवा, आणि तेच नाव पुढे एफ कार्डाच्या अर्जावर येईल असं बघा. जी कार्ड कुठल्या नावाचं आहे ते पत्रात लिहिलं नाहीत. ते पाहूनच ठरवा.

प्रश्न : मी भांडुपचा, वय ४१, एका बँकेत क्लार्क आहे. ऑनलाइन एलएलबी करून बँकेच्या लीगल खात्यात जायचं आहे. कुठलं विद्यापीठ चांगलं?

उत्तर : कुठलंच नाही. एलएलबी ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीनं करताच येत नाही. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी हीसुद्धा त्याच यादीत आहेत. जो कोणी ऑनलाइन एलएलबी विकतोय त्याच्या कागदावर वकिलीची सनद मिळणार नाही. खरी एलएलबी म्हणजे सीईटी द्या, कॉलेजात तीन वर्षं हजेरी लावा. नोकरी सांभाळून ती हजेरी कशी भरणार याचं प्रामाणिक उत्तर आधी स्वतःकडे घ्या. कायद्यातले ऑनलाइन डिप्लोमा मिळतात, काही चांगलेही असतात, पण त्यांनी वकील होता येत नाही. लीगल खात्यात बदलीसाठी तुमच्या बँकेला डिप्लोमा पुरतो की एलएलबीच लागते, हे एचआरला ईमेल करून विचारा. कँटीनमध्ये मिळालेलं उत्तर धरू नका.