वाचकांचे प्रश्न : ने विन यांचा ब्रह्मदेश

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल गोराईच्या विपश्यना पॅगोडाला गेली असता, विपश्यना आचार्य सत्यनारायण गोएंका यांचे उद्योग ब्रह्मदेशातील लष्करी राजवटीने ताब्यात घेतले होते, असे सोबतच्या एका साधकाने सांगितले. लोकमान्यांमुळे मंडाले आम्हांला ठाऊक आहे. पण हा लष्करशहा कोण आणि त्याने असे का केले?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ते जनरल ने विन. मूळ नाव शू माउंग. रंगूनमधले शिक्षण अर्धवट सोडून टपाल खात्यात कारकुनी करणारा हा तरुण १९४१ मध्ये स्वातंत्र्यलढ्याचे नेते आंग सान यांच्यासह जपान्यांकडून लष्करी शिक्षण घेतलेल्या तीस जणांच्या गटात होता आणि १९४९ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचा सेनाप्रमुख झाला. १९५८ मध्ये पंतप्रधान ऊ नू यांनीच त्यांच्याकडे काळजीवाहू सरकार सोपवले. निवडणूक घेऊन १९६० मध्ये त्यांनी ते परतही केले, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवले आहे याची फारशी कोणाला कल्पना आली नसावी. शान आणि इतर प्रांतांच्या संघराज्याच्या मागण्यांमुळे देश फुटेल, असे कारण देत २ मार्च १९६२ रोजी त्यांनी सत्ता हिसकावली. त्याच जुलैत विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थी संघाची इमारत सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आली.

त्यानंतर ‘समाजवादाचा ब्रह्मी मार्ग’ या नावाखाली बँका, गिरण्या, घाऊक व्यापार आणि अखेर दुकानेही सरकारजमा झाली. रंगूनचा व्यापार मोठ्या प्रमाणावर भारतीयांच्या हाती असल्याने सर्वांत मोठा घाव त्यांच्यावर बसला, आणि १९६४ मध्ये ५० व १०० च्या नोटा रद्द झाल्यावर उरलेली शिल्लकही गेली. लाखो भारतीय जवळजवळ रिकाम्या हातांनी परतले. चेन्नईचा बर्मा बाजार त्यांच्यापैकीच काहींनी उभा केला. गोएंका स्वतः १९६९ मध्ये भारतात आले. भारतीय सावकारांविषयीचा राग ब्रिटिश काळापासूनचा होता आणि तो अगदीच निराधार नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. पण त्याची किंमत हमालांनी आणि किराणा दुकानदारांनी मोजली.

प्रश्न : ज्योतिषाच्या नादाने त्यांनी ४५ आणि ९० च्या नोटा काढल्या, ही दंतकथा आहे का?
– एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : नोटा खऱ्या आहेत. दोन्ही आकड्यांना नऊने भाग जातो आणि नऊ हा ने विन यांचा शुभांक मानला जाई. मात्र या गमतीत मूळ घटना झाकली जाते. सप्टेंबर १९८७ मध्ये २५, ३५ आणि ७५ क्यातच्या (क्यात हे तिथले चलन) नोटा पूर्वसूचना न देता रद्द झाल्या आणि बदल्यात काहीही मिळाले नाही. आपल्याकडे २०१६ मध्ये निदान बँकेसमोर रांग तरी लावता आली. तिथे शिक्षणासाठी जपून ठेवलेली नोट खिशातच कागदाचा कपटा झाली आणि रंगूनचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. महायुद्धापूर्वी जगात सर्वाधिक तांदूळ निर्यात करणाऱ्या या देशाची त्याच वर्षाअखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या ‘अल्पविकसित’ देशांच्या यादीत गणना झाली. या दुर्दशेचे खापर ग्रहांवर फोडणे मला पटत नाही. जाब विचारणारी संसद, वृत्तपत्रे आणि न्यायालये आधीच मोडून काढली होती, म्हणूनच एका माणसाची लहर रातोरात कायदा होऊ शकली.

प्रश्न : त्यांचा शेवट कसा झाला? आजच्या राजवटीशी त्यांचा काही संबंध उरला आहे का?
– एक वाचिका, कळवा

उत्तर : जुलै १९८८ मध्ये सत्ताधारी पक्षाचे अध्यक्षपद सोडताना त्यांनी बजावले होते, की सैन्य गोळी झाडते तेव्हा ती हवेत नव्हे, तर माणसाला लागण्यासाठी झाडते. पुढच्याच महिन्यात, ८ ऑगस्टला सुरू झालेल्या लोकांच्या उठावात ते शब्द खरे झाले. पुढच्या लष्करी राजवटीत, २००२ मध्ये त्यांचे जावई आणि नातू यांना राजद्रोहाच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावण्यात आली (ती अमलात आली नाही), आणि ते स्वतः नजरकैदेत असताना ५ डिसेंबरला वारले. सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले नाहीत.

संबंध म्हणाल, तर तो पुरेपूर उरला आहे. त्यांनी केलेल्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने १८२३ पूर्वी देशात असलेल्या वंशगटांना पूर्ण नागरिकत्वाचे हक्क दिले. त्या गटांत न धरलेल्या रोहिंग्या मुस्लिमांचे राज्यविहीन होणे या कायद्याशी जोडलेले आहे. देश लष्करामुळेच टिकतो, ही त्यांची शिकवणही सैन्याने सोडली नाही. २००८ च्या घटनेने संसदेच्या एकचतुर्थांश जागा सैन्याला राखून ठेवल्या, तर घटनादुरुस्तीला तीनचतुर्थांशांहून अधिक मते लागतात. म्हणजे सैन्याच्या संमतीवाचून घटनेत काही बदलणे शक्य नव्हते. तरीही १ फेब्रुवारी २०२१ रोजी सेनाप्रमुखांनी पुन्हा सत्ता हिसकावलीच.