वाचकांचे प्रश्न: बारावीनंतर फौजेत जायचं तर

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला आहे, जूनमध्ये सतरा पूर्ण झाली. त्याला फौजेतच जायचंय. गावात सगळे म्हणतात, अग्निवीरचा फॉर्म भर. चार वर्षांनी हात हलवत परत आला तर? मी नको म्हणून बसले आहे.
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर: नको म्हणू नका, क्रम बदला. आधी एनडीए, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणारी खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. अग्निवीरची, म्हणजे चार वर्षांच्या जवान भरतीची, दारं त्याच्यासाठी अजून काही वर्षं उघडी राहतील, एनडीएची नाहीत. खडकवासल्यात कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीसमध्ये बसावं लागतं. एप्रिलच्या परीक्षेचा कोर्स पुढच्या जानेवारीत, सप्टेंबरच्या परीक्षेचा पुढच्या जुलैत सुरू होतो. तुमच्या मुलाचा हिशेब केला तर येता एप्रिल आणि सप्टेंबर, एवढ्या दोनच संधी उरतात. बारावीत शिकत असतानाच फॉर्म भरता येतो. लेखी 900 गुणांची (गणित 300, सामान्य क्षमता 600) आणि एसएसबीची (सेवा निवड मंडळाची) मुलाखत आणखी 900 गुणांची. क्लासवाले लेखीवर भर देतात आणि पोरं एसएसबीत गळतात. तिथे पाच दिवस मुक्काम असतो; एका चाचणीत 60 शब्द, प्रत्येकाला 15 सेकंद, तेवढ्यात वाक्य लिहायचं. पाठ केलेली उत्तरं मानसशास्त्रज्ञ लगेच ओळखतात.

आता तुमची काळजी. अग्निवीर ज्या योजनेत घेतात, त्या 2022 पासूनच्या अग्निपथ योजनेत पहिल्या वर्षी पगार 30,000, हातात 21,000; चौथ्या वर्षी 40,000, हातात 28,000. कापलेले 30 टक्के आणि सरकारची तेवढीच भर मिळून शेवटी व्याजासह सुमारे 11.71 लाख मिळतात. म्हणजे त्यातला निम्मा पैसा त्याचाच. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. कायम होतात ते जास्तीत जास्त 25 टक्के. त्यामुळे ‘कायम होईलच’ असं धरून घराचं कर्ज काढू नका आणि चार वर्षांत इग्नूची (मुक्त विद्यापीठाची) पदवी पूर्ण करायला लावा. हे पटत असेल तर अग्निवीर वाईट नाही. पेन्शनच्या भरवशावर जाणाऱ्याला मात्र आम्ही नकोच म्हणू.

अग्निवीरची तयारी कुठे फसते? आधी ऑनलाइन लेखी, मग मैदान. 1600 मीटर 5 मिनिटं 30 सेकंदांत मारलं तर पूर्ण 60 गुण, दहा पुल-अप्सना 40. 400 मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, म्हणजे फेरीला सुमारे 82 सेकंद. गर्दीत ढकलाढकली होते, पोरं पहिली फेरी सत्तर सेकंदांत मारतात आणि तिसऱ्या फेरीत पाय जड होतात. आठवड्यातून दोनदा 400 मीटरच्या सहा धावा, प्रत्येक 80 सेकंदांत, मध्ये अडीच मिनिटं विश्रांती. डांबरी रस्त्यावर रोज पळू नये, नडग्या दुखायला लागतात. जनरल ड्यूटीला (सर्वसाधारण जवानाच्या पदाला) महाराष्ट्रातल्या मुलांसाठी उंची 168 सेंमी आणि छाती 77, फुगवून पाच सेंमी वाढली पाहिजे. हे आजच मोजून घ्या. हातावर गोंदवून घेऊ देऊ नका.

आणि कागदपत्रं! आपल्या बोर्डाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी मैदान मारून आलेला मुलगा टेबलावर अडतो. आधार गुणपत्रिकेशी जुळवून घ्या, तेही फॉर्म भरण्याआधी. सरपंचाचा अविवाहित दाखला फोटोवर शिक्का मारलेला हवा, आणि तो जुना चालत नाही.

प्रश्न: मी मुलगी, बारावी आर्ट्सला आहे. एनडीए देता येईल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: येईल. थलसेनेसाठी कोणतीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. अडचण पेपरची आहे. गणिताचे 120 प्रश्न अकरावी-बारावीच्या पातळीचे असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. तुम्ही दहावीनंतर गणित सोडलं असेल तर किमान वर्षभर धरा: त्रिकोणमिती, सदिश आणि संभाव्यता आधी, कलन नंतर.