सोलापूरचा फ्लॅट विकून दापोलीला घर घ्यावं का?

प्रश्न: वय ३६, राहणार जुळे सोलापूर. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, हातात ५२,००० येतात. पत्नी घरून पुण्याच्या फर्मचं अकाउंट्सचं काम करते, तिचे ३०,०००. आई ६८ वर्षांची, तिची फॅमिली पेन्शन १२,०००. मुलगा चौथीत. घरखर्च ४४,०००, घराचा हप्ता ११,०००, एसआयपी १५,०००. मला प्रस्तरारोहणाचं वेड आहे. महिन्यातून दोनदा लोणावळ्याकडे जातो, एका खेपेला ४,८०० लागतात. २०१५ साली सगळा खर्च धरून २३.५ लाखांत घेतलेला फ्लॅट आता ३८ लाखांना जाईल, कर्ज ६.४ लाख बाकी आहे. पीएफ ९ लाख, म्युच्युअल फंड ७.५ लाख, एफडी ४ लाख. दापोली तालुक्यात समुद्राजवळ १२ गुंठे जागा आणि जुनं कौलारू घर ३४ लाखांना मिळतंय. नोकरी सोडून दोन खोल्यांचा होमस्टे आणि मागच्या कड्यावर क्लाइंबिंगचे कॅम्प, असा विचार आहे. मुख्य म्हणजे लोणावळ्याच्या खेपा वाचतील. जुनी टर्म पॉलिसीही मोडून स्वस्तातली घेऊ का? मालक पाडव्याच्या आत दोन लाख बयाणा मागतोय. देऊ का?

उत्तर: बयाणा आत्ता देऊ नका. कोकणात जायला माझा विरोध नाही. पण तुम्ही निवडलेली जागा समुद्रासाठी उत्तम आहे, चढाईसाठी नाही, आणि पैशाच्या हिशेबात ती तुमची गंगाजळी एका झटक्यात संपवते.

आधी व्यवहार मांडू. फ्लॅटचे ३८ लाख. त्यातून कर्ज ६.४० लाख, दलाली दोन टक्क्यांनी ७६ हजार आणि कर सुमारे ६७ हजार वजा केले की हातात ३०.१७ लाख येतात. आता खर्च: घर ३४ लाख, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीला सहा टक्के धरून २.०४ लाख, वकील आणि मोजणी ४० हजार. जुन्या कौलारू घराचे वासे-रिपा बदलणं, वायरिंग, विहिरीचा पंप यांना ६ लाख. संडास-बाथरूमसह दोन खोल्यांना ८ लाख, तेही हात आखडून. एकूण ५०.४४ लाख. २०.२७ लाख कमी पडतात. तुमचा पीएफ, फंड आणि एफडी मिळून होतात २०.५० लाख. म्हणजे किल्ली हातात येईल त्या दिवशी तुमच्याकडे २३ हजार रुपये असतील, आणि नोकरी नसेल.

मासिक जमाखर्च बघा. पत्नीचे ३०, आईचे १२ आणि होमस्टेचे. ऑक्टोबर ते मे साधारण ३४ शनिवार-रविवार मिळतात. दोन खोल्या, दोन रात्री, म्हणजे १३६ खोली-रात्री. त्यातल्या साठ टक्के भरल्या, वर नाताळ आणि मेच्या सुट्टीच्या ४० धरल्या तर सुमारे १२० होतात. १,८०० रुपये दराने २.१६ लाख. बुकिंग साइटचं कमिशन, धुलाई, वीज, मदतीची बाई यांना चाळीस टक्के गेले की वर्षाला १.३० लाख, महिन्याला ११ हजार. एकूण जमा ५३ हजार. खर्च: घरखर्च ४४, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम गेल्यावर स्वतःचा घ्यायचा तो महिन्याला पावणेचार, घराची देखभाल सव्वातीन (दरवर्षी पावसाआधी कौलं शाकारावी लागतात, आणि माकडं ती मधूनच फोडतात ते वेगळं). झाले ५१. त्यात चढाईचा खर्च आला की महिना तोट्यात. एसआयपी बंदच. आणि हा सगळा डोलारा तुमच्या पत्नीच्या ३० हजारांवर उभा आहे. ते काम नेटवर चालतं. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड भागात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. असं पुन्हा झालं तर घरातला एकमेव पक्का पगार थांबतो.

"लोणावळ्याच्या खेपा वाचतील" हे तुमच्या पत्रातलं मुख्य कारण. तेही तपासून बघू. पावसाचे चार महिने सोडून वर्षाला १६ खेपा, ३२ चढाईचे दिवस. आज तुम्हाला एक दिवस २,४०० रुपयांना पडतो, वर्षाला ७६,८००. दापोलीहून लोणावळ्याकडे जायचं तरी घाटातून पाच तास धरा आणि मुक्काम आलाच. खेप ३,५०० ला पडेल. वर्षाची बचत २०,८०० रुपये, आणि त्यासाठी सव्वासहा लाखांचा पगार सोडायचा. हौसेसाठी पैसे मोजणं चूक नाही, पण या निर्णयाला बचत म्हणू नका.

आणि लोणावळ्याकडे जावं लागणारच, कारण सह्याद्रीतले चांगले कडे समुद्राकाठी नाहीत, ते घाटमाथ्याच्या कडेला आहेत. नागफणी, तैलबैला, लिंगाणा, जीवधनचा वानरलिंगी, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, सगळे बेसॉल्टचे, म्हणजे कठीण काळ्या पाषाणाचे. दापोली-रत्नागिरी पट्ट्यात वरचा थर जांभ्याचा असतो. घर बांधायला जांभा छान, पण होल्ड म्हणून, म्हणजे चढताना धरायची पकड म्हणून, तो तुटून हातात येतो. छिद्राछिद्रांचा, पाणी धरणारा, कडेला भुसभुशीत. खाली बेसॉल्ट असला तरी भरतीच्या लाटांनी झिजलेला आणि वर जांभ्याचे सुटे ढेकूळ टांगलेले, अशा भिंतीखाली उभं राहून बिले देणं, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणं, धोक्याचं आहे.

समजा मागचा कडा निघाला चांगला. दोर अडकवायला खडकात ठोकायच्या बोल्टचं काय? आतल्या कड्यांवर ३०४ ग्रेडचे स्टेनलेस बोल्ट चालतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत क्लोराइडमुळे याच पोलादात ताणाखाली बारीक तडे जातात. बोल्ट वरून चकचकीत दिसतो आणि एक दिवस माणसाच्या वजनानेच तुटतो. थायलंडच्या किनाऱ्यावर हे घडल्यामुळेच तिथे टायटॅनियमचे, इपॉक्सीने चिकटवलेले बोल्ट बसवतात. ते साध्या बोल्टच्या कित्येक पट महाग पडतात. तुमच्या कॅम्पच्या हिशेबात ही रक्कम कुठेच नाही.

तुमचं स्वतःचं सामानही लवकर जाईल. सोलापूरच्या कोरड्या हवेत कपाटात ठेवलेला कॅराबिनर (दोर अडकवायची झडपेची कडी) वर्षाने काढला तरी जसा ठेवला तसा निघतो. समुद्राकाठी महिन्याभरात त्याच्या गेटच्या बिजागरीत पांढरी पूड धरते, स्प्रिंग करकरते, गेट अर्ध्यात अडकून राहतं. गोड्या पाण्यात धुवून, उघडझाप करत पुसून, सावलीत वाळवून, बिजागरीला मेणयुक्त वंगणाचा एक थेंब, हे प्रत्येक वापरानंतर करावं लागेल. ॲल्युमिनियमचा क्विकड्रॉ (पट्टीने जोडलेले दोन कॅराबिनर) स्टीलच्या बोल्टवर कायमचा लटकवून ठेवू नका, दोन धातूंच्या जोडावर गंज जास्त वेगाने धरतो. न वापरलेल्या रोप-हार्नेसलाही बहुतेक उत्पादक जास्तीत जास्त दहा वर्षं आयुष्य देतात. किनाऱ्यावर हार्डवेअर त्याच्या कितीतरी आधी बदलण्याची तरतूद ठेवा.

आता विमा. हा भाग दोनदा वाचा. आरोग्य विम्यात आयआरडीएआयने (विमा नियामकाने) ठरवून दिलेला एक अपवाद असतो, कोड 'एक्सक्ल ०९'. साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च मिळत नाही, आणि त्या यादीत रॉक क्लाइंबिंगचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. आज तुम्ही हौशी आहात, म्हणून घोटा मोडला तर दावा करता येतो. ज्या दिवशी पैसे घेऊन कॅम्प सुरू कराल त्या दिवशी तुम्ही व्यावसायिक ठरता आणि तोच घोटा स्वखर्चाने जोडावा लागेल. वैयक्तिक अपघात पॉलिसीत तर बऱ्याचदा हौशी-व्यावसायिक हा भेदही नसतो, साहसी खेळ सरसकट वगळलेले असतात. तुमच्या हातातली पॉलिसी काढून अपवादांचं पान वाचा. शिवाय पाहुण्यांना कड्यावर न्यायचं तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, आणि पाहुण्याला इजा झाली तर जबाबदारी तुमच्यावर येते.

टर्म पॉलिसीबद्दल तुम्ही विचारलंय की २०१९ ची ५० लाखांची आहे, एजंटने छंदाचा रकाना कोरा ठेवला होता, ती मोडून स्वस्तातली घेऊ का. अजिबात मोडू नका. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षं उलटलेल्या पॉलिसीवर कंपनी कोणत्याही कारणाने शंका घेऊ शकत नाही. नवी घेतली की ही तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातील. वाढीव कव्हर जरूर घ्या, पण त्यात चढाईचा छंद स्वच्छ लिहा, हप्ता थोडा वाढला तरी. नोकरी सोडायच्या आधी फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराचा एकत्र आरोग्य विमा, सुरू झालेला असला पाहिजे. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. आईची पॉलिसी वेगळी ठेवा. सत्तरी पूर्ण झाली की त्यांना आयुष्मान वय वंदना कार्डाचं ५ लाखांचं कव्हर मिळेल, पण तोवरची दोन वर्षं उघडी ठेवू नका. सोलापुरात हाकेच्या अंतरावर मोठे दवाखाने आहेत, याची किंमत दापोलीला गेल्यावर जाणवेल.

कराची भीती घालून कुणी घाई करत असेल तर हा हिशेब दाखवा. नफा १४.५ लाख. १२.५ टक्के आणि सेस धरला तर कर १.८८ लाख. पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला इंडेक्सेशनसह, म्हणजे खरेदीची किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून, २० टक्क्यांचा पर्यायही आहे. २०१५-१६ चा निर्देशांक २५४, २०२५-२६ चा ३७६. २३.५ लाखांचे ३४.७९ लाख होतात, नफा उरतो ३.२१ लाख, कर सुमारे ६७ हजार. एवढ्यासाठी धावतपळत घर घ्यायची गरज नाही. घ्यायचंच झालं तर सगळे ज्याला कलम ५४ म्हणतात त्या सवलतीला राहतं घर लागतं: विक्रीच्या एक वर्ष आधी ते दोन वर्षं नंतर खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम. नुसत्या शेतजमिनीला ती मिळत नाही. बारा गुंठ्यांतलं घर कागदावर 'घर' आहे का, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

मग करायचं काय? पेण. समुद्र हवा तर अलिबाग तीस किलोमीटरवर. लोणावळा दीड-दोन तासांवर, म्हणजे मुक्काम न करता सकाळी जाऊन संध्याकाळी परत. चढाईचा दिवस १,२०० रुपयांत बसतो, ३२ दिवसांचे ३८,४००, आजच्या निम्मे. मोठी इस्पितळं पनवेलला, पस्तीस किलोमीटरवर. तिथे घर घेऊ नका, जागांचे भाव तुमच्या आवाक्याबाहेर आहेत, भाड्याने राहा. आधी रायगड जिल्ह्यातल्या कारखान्यांत क्वालिटीची नोकरी शोधा. ३५ हजारांचं पत्र हातात आल्याशिवाय चिंचोळीचा राजीनामा नाही. फ्लॅट ९ हजारांनी भाड्याने द्या. मग जमा: ३५, ३०, १२ आणि ९, एकूण ८६ हजार. खर्च: ४४, हप्ता ११, पेणचं भाडं १०, वरखर्च ५, एकूण ७०. उरलेल्या १६ मधून एसआयपी चालू राहते. चढाईला महिन्याला तीन-सव्वातीन हजार लागतील, म्हणून ती तेवढी १३ हजारांवर आणा. डिपॉझिट आणि टेम्पोसाठी ८० हजार एफडीतून काढा, बाकीच्या एफडीला हात लावू नका.

जायचं तर मेअखेर जा. मुलाची शाळा जूनला सुरू होते आणि पहिला पाऊस लगेच अंगावर येतो. सोलापुरात वर्षभरात साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो, कोकणात तीन हजारांच्या वर. चार महिने कडा बंद, कपड्यांना बुरशी, चादरी वाळत नाहीत. हे चार महिने घरातल्या चौघांना झेपले तर पुढच्या ऑक्टोबरात खरेदीचा विषय काढा. आणि नोकरी जुळेपर्यंत एक गोष्ट या हिवाळ्यातच करता येईल: बदामी. होटगी-विजयपूर-बागलकोट मार्गे रेल्वेने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, लोणावळ्यापेक्षा जवळ. वालुकाश्माच्या भिंती, बोल्ट मारलेले रूट, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम हवा. सोलापूरकर क्लाइंबरला हा फायदा पुण्या-मुंबईच्या मंडळींपेक्षा जास्त आहे, तो वापरा.

तरीही त्या दापोलीच्या घरावर जीव जडला असेल तर बयाण्याआधी मालकाकडून हे मागा: चालू सातबारा आणि आठ-अ, सगळे फेरफार, ग्रामपंचायतीचा घराचा असेसमेंट उतारा, मोजणीचा नकाशा. सातबारावर सामायिक नावं किती आहेत ते मोजा. कोकणात निम्मे हिस्सेदार मुंबईत असतात आणि एकाची सही राहिली तरी खरेदी अडते. 'इतर हक्क' रकान्यात कुळाचं नाव किंवा सातबारावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असा शेरा असेल तर थांबा. शेतजमीन असल्यास तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, म्हणून आईच्या किंवा तुमच्या नावावर कुठे सातबारा आहे का ते आधी काढा. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड (किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध) लागू होतो आणि विरळ वस्तीच्या गावांत पहिल्या २०० मीटरमध्ये नवं बांधकाम करता येत नाही. तुमच्या दोन खोल्या कुठे येतात ते नकाशावर बघा. वकिलाकडून मालकीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. एवढं झाल्यावर द्यायचाच तर बयाणा ५० हजारांच्या वर नको, तोही चेकने, आणि पावतीवर लिहून घ्या: "सर्व हिस्सेदारांच्या सह्या आणि निर्वेध मालकी ९० दिवसांत सिद्ध न झाल्यास पूर्ण रक्कम परत." मालक ही ओळ लिहायला तयार नसेल तर तो व्यवहार सोडून द्या.