‘ती घरीच असते’ म्हणून भरपाई कमी होते का?

प्रश्न : माझी पत्नी ४२ वर्षांची असून गृहिणी आहे. चार महिन्यांपूर्वी रस्ता ओलांडताना तिला मोटारीने धडक दिली. उजवे मनगट आणि कोपर मोडले, शस्त्रक्रिया करून प्लेट बसवली, तरी अजून तिची मूठ नीट वळत नाही आणि जड वस्तू उचलता येत नाही. पोलिसांत गुन्हा नोंदवला आहे. अपंगत्वाच्या दाखल्यात उजव्या हाताचे ४५ टक्के अपंगत्व लिहिले आहे. विमा कंपनीच्या प्रतिनिधीचे म्हणणे असे की, संपूर्ण शरीराच्या हिशेबाने ते १५ टक्केच धरले जाईल, शिवाय पत्नी काही करत नाही, घरीच असते, त्यामुळे उत्पन्न बुडण्याचा प्रश्न येत नाही. दवाखान्याची बिले आणि वर थोडी रक्कम घेऊन सही करावी, असा त्यांचा आग्रह आहे. काय करावे?

उत्तर : सही करू नये. दावा दाखल करण्याआधी ‘पूर्ण व अंतिम’ रक्कम मिळाल्याची पावती लिहून दिली, तर पुढे तीच तुमच्या विरोधात दाखवली जाईल. कंपनीला तडजोड करायची असेल, तर ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर करता येते आणि तिथे रक्कम योग्य आहे की नाही, हे न्यायाधीशही पाहतात.

आता प्रतिनिधीच्या दोन मुद्द्यांपैकी पहिला, टक्केवारीचा. एका अवयवाची टक्केवारी जशीच्या तशी संपूर्ण शरीराला लागू होत नाही, एवढे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मात्र हिशेब तिथे संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने राज कुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात २०१० मध्ये सांगितले की, वैद्यकीय अपंगत्व किती यापेक्षा त्यामुळे त्या व्यक्तीची काम करण्याची क्षमता किती गेली, हे ठरवले पाहिजे. हात गमावलेला सुतार किंवा ड्रायव्हर आणि हात गमावलेला कारकून यांचे वैद्यकीय अपंगत्व सारखेच असले, तरी नुकसान सारखे नसते. कणीक मळणे, कपडे पिळणे, भरलेली बादली उचलणे, आजारी माणसाला आधार देऊन उठवणे, यांतले एकही काम मूठ न वळणाऱ्या उजव्या हाताने नीट होत नाही. म्हणून तुमच्या पत्नीचा दर्जा या बाबतीत कारकुनापेक्षा सुताराच्या जवळचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा मुद्दा ‘काही करत नाही’ हा. साक्ष देताना हे वाक्य तुमच्या तोंडून चुकूनही जाऊ देऊ नका. कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या जानेवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मानीव उत्पन्न (प्रत्यक्ष पगार नसला तरी हिशेबासाठी गृहीत धरलेले उत्पन्न) धरावे आणि त्यावर भविष्यातील वाढही द्यावी, असे ठरवले. त्या निकालात २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला आहे : घरकामात स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर पुरुष ९७ मिनिटे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा बजावले की, गृहिणीचे मानीव उत्पन्न रोजंदारीवरच्या मजुरापेक्षा कमी धरता येणार नाही.

फरक किती पडतो, ते पाहा. केवळ हिशेब समजावा म्हणून मासिक उत्पन्न १२,००० रुपये धरू. चाळीस ते पन्नास वयासाठी २५ टक्के वाढ धरली की १५,००० होतात, म्हणजे वर्षाला १,८०,०००. ४१ ते ४५ या वयोगटाचा गुणक, म्हणजे वार्षिक रकमेला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा, १४ असल्याने एकूण २५,२०,००० रुपये. क्षमतेची हानी १५ टक्के मानली तर ३,७८,००० मिळतात, ४० टक्के मानली तर १०,०८,०००. जखमी व्यक्तीच्या दाव्यात यातून स्वतःच्या खर्चाची वजावट होत नाही, ती मृत्यूच्या दाव्यात होते. उपचारखर्च, वेदना, जगण्यातला गेलेला आनंद आणि मदतनिसाचा खर्च हे वेगळे मागायचे असतात. मुलगी किंवा तुम्ही स्वतः सेवा करत असलात, तरी त्या सेवेचे मोल शून्य ठरत नाही. प्लेट काढावी लागणार असेल, तर डॉक्टरांकडून पुढील खर्चाचा अंदाज लेखी घ्या.

हे सारे सिद्ध मात्र तुम्हालाच करावे लागेल आणि अशा दाव्यांची ताकद इथेच कमी पडते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. दाखला नुसता जोडून भागत नाही. उपचार करणाऱ्या किंवा तपासणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हावी, असा आग्रह वकिलांकडे धरा. पत्नी उजव्या हाताने काम करणारी आहे, हे प्रतिज्ञापत्रात आवर्जून लिहा. अपघातापूर्वी पहाटेपासून रात्रीपर्यंत ती कोणती कामे करत होती, त्यांतली आज कोणती जमत नाहीत आणि ती कोण करते, हे तिच्याच शब्दांत यायला हवे. कामाला बाई ठेवली असेल, तर पगार बँकेमार्फत द्या आणि वेळ आली तर तिची साक्ष घ्या.

मुदत फार महत्त्वाची आहे. मोटार वाहन कायद्यातील १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या दुरुस्तीनुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. तुमच्याकडे जेमतेम दोन महिने आहेत. दावा पत्नीच्या नावाने असेल आणि अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात तो लावता येईल. मोटारीचा मालक, चालक आणि विमा कंपनी या तिघांनाही पक्षकार करा. प्रथम खबरी अहवाल, पंचनामा, विमापत्र आणि चालक परवाना यांच्या प्रती याच आठवड्यात पोलिसांकडून मागून घ्या. रस्ता ओलांडण्यात तिचीच चूक होती, असा बचाव कंपनी घेऊ शकते. म्हणून अपघात पाहिलेल्या कुणाचे नाव पोलिसांच्या जबाबात आले आहे का, तेही त्याच वेळी तपासा.