न्यायमूर्तींना नेमतं कोण, काढतं कोण?

मुलगी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सिव्हिल जजसारखी सुप्रीम कोर्टासाठीही परीक्षा असते का? – एक आई, राजेंद्रनगर, इंदूर

नाही, ताई. नेमणूक राष्ट्रपती करतात, पण नावं ठरवतं कॉलेजियम, म्हणजे सरन्यायाधीश आणि चार सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती. हा शब्द राज्यघटनेत सापडणार नाही; १९९३ आणि १९९८च्या निकालांतून ही पद्धत आली. तिच्या जागी संसदेनं आणलेला आयोग कोर्टानं २०१५मध्ये रद्द केला. सरकार एखादं नाव परत पाठवू शकतं. कॉलेजियमनं तेच पुन्हा पाठवलं, तर मानावं लागतं. पण किती दिवसांत, याला मुदत नाही आणि फायली पडून राहतात. हे मला अजिबात पटत नाही. एखादा चांगला वकील वाट बघून आपलं नाव मागे घेतो, त्यात नुकसान आपलंच.

पात्रता म्हणाल तर हायकोर्टात पाच वर्षं न्यायमूर्ती किंवा दहा वर्षं वकिली. उदय लळित वकिलीतून थेट सुप्रीम कोर्टात गेले आणि २०२२मध्ये सरन्यायाधीश झाले, हे मुलीला जरूर सांगा.

पंतप्रधान न्यायमूर्तींना काढू शकतात का? आमच्या कट्ट्यावर यावरून जोरात वाद झाला. – एक निवृत्त शिक्षक, रामबाग, इंदूर

सर, एकट्यानं कुणीच काढू शकत नाही. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० खासदारांच्या सह्या लागतात. प्रस्ताव दाखल झाला की तिघांची समिती चौकशी करते. गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध झाली, तरच मतदान. तेही दोन्ही सभागृहांत, एकूण सदस्यांच्या बहुमतानं आणि मत देणाऱ्यांच्या दोन-तृतीयांशानं.

१९९३चा मे महिना आठवतो? न्या. व्ही. रामस्वामींना समितीनं दोषी धरलं होतं. त्यांच्या वतीनं कपिल सिब्बल लोकसभेत उभे राहून तासन्‌तास बोलले. मग मतदान: बाजूनं १९६, विरोधात एकही नाही. २०५ खासदार सभागृहात बसूनच राहिले, मत दिलंच नाही. ठराव पडला. सुप्रीम कोर्टाच्या एकाही न्यायमूर्तींना आजवर या वाटेनं काढलेलं नाही.

वाट अवघड आहे ते बरंच आहे. नाहीतर सरकारविरुद्ध निकाल लिहिताना कुणाचाही हात अडखळेल. पण दोष सिद्ध झाल्यावर खासदारांनी गप्प बसावं, याला मी जबाबदारी टाळणंच म्हणेन.

निवृत्तीनंतर ते पुन्हा वकिली करतात का? – स्नेहलतागंज, इंदूर

हायकोर्टाचे न्यायमूर्ती ६२व्या वर्षी निवृत्त होतात. ते जिथे कायम न्यायमूर्ती होते ते हायकोर्ट आणि त्याखालची कोर्टं सोडून सुप्रीम कोर्टात किंवा दुसऱ्या हायकोर्टात उभे राहू शकतात. सुप्रीम कोर्टाचे ६५व्या वर्षी निवृत्त होतात आणि त्यांना देशातल्या कुठल्याच कोर्टात वकिली करता येत नाही.