संध्याकाळी जड होणारा बिलिंग प्रोग्राम

प्रश्न : आमच्या टॉवेलच्या दुकानासाठी मी जावा स्विंगमध्ये (खिडक्या-बटणं बनवायचा जावाचा संच) बिलिंगचा प्रोग्राम लिहिला आहे. सकाळी झकास चालतो, दुपारनंतर जड होतो आणि संध्याकाळी 'आउट ऑफ मेमरी' म्हणत बंद पडतो. प्रत्येक बिलानंतर सिस्टिम डॉट जीसी लिहून पाहिलं, फरक नाही. नको झालेल्या वस्तू मेमरीतून आपोआप काढणारा गार्बेज कलेक्टर असताना मेमरी गळते कशी? कोड सोबत जोडला आहे.
— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : ती जीसीची ओळ आधी काढा. ती कलेक्टरला सफाईची नुसती विनंती असते. ती मान्य झाली तरी, प्रोग्राममधून जिच्यापर्यंत कुठूनच वाट उरलेली नाही तीच वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, कलेक्टर उचलतो. वहीत नोंद असलेला गठ्ठा हमाल गोदामातून काढून टाकत नाही, तसंच.

तुमची वही म्हणजे स्टॉकचा ऑब्जेक्ट. बिलाची प्रत्येक खिडकी उघडताना त्याला आपला लिसनर, म्हणजे स्टॉक बदलला की खबर घेणारा ऑब्जेक्ट, जोडते आणि बंद होताना काढत नाही. स्टॉक दिवसभर जिवंत, त्याच्या यादीत लिसनर, लिसनरने धरलेली खिडकी, खिडकीत डिझाइनचा फोटो. तो 2000 बाय 1500 पिक्सेलचा आहे. पिक्सेलला 4 बाइट धरले तर मेमरीत सुमारे 12 एमबी, डिस्कवरची जेपेग फाइल कितीही लहान असो. 40 बिलांत 480 एमबी अडकले.

चाटी गल्लीतल्या एका चादरीच्या दुकानाचा प्रोग्राम लिहिताना मी हीच चूक केली होती आणि दोन दिवस फोटो वाचणाऱ्या कोडवर संशय घेत बसलो. शेवटी जावाच्या जेमॅप या साधनाची 'हिस्टो लाइव्ह' यादी काढली; कोणत्या प्रकारचे किती ऑब्जेक्ट मेमरीत आहेत ते ती सांगते. ती आधी पूर्ण सफाई करून मगच मोजते, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवावा. पडद्यावर एक बिल, यादीत 63! तुम्हीही आज दुकान बंद करण्याआधी ती काढा.

आता दुरुस्ती. जेफ्रेम, म्हणजे स्विंगची खिडकी, फुलीवर क्लिक केल्यावर मुळात फक्त लपते, तेव्हा तिला 'डिस्पोज ऑन क्लोज' सांगा. खिडकी मोडणारी डिस्पोज मेथड ओव्हरराइड करून, म्हणजे तिची आपली आवृत्ती लिहून, त्यात लिसनर काढा. इथे एक खड्डा आहे, त्यात भलेभले पडतात : जोडताना लॅम्डा (जागेवरच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) लिहिला आणि काढताना तोच मजकूर पुन्हा लिहिला, तर तो वेगळा ऑब्जेक्ट ठरतो. जुना यादीत तसाच राहतो आणि एररही येत नाही. म्हणून लिसनर आधी फील्डमध्ये, म्हणजे खिडकीच्या क्लासमधल्या व्हेरिएबलमध्ये, ठेवा, जोडताना-काढताना तेच फील्ड द्या. खिडकीत घड्याळाचा स्विंग टायमर आहे, तोही तिथेच थांबवा. चालू टायमरही खिडकीला धरून ठेवतो.

वीक रेफरन्सच्या, म्हणजे कलेक्टरला न अडवणाऱ्या संदर्भाच्या, वाटेला सध्या जाऊ नका. लिसनरला दुसरं कुणी धरलेलं नसेल तर तो मध्येच नाहीसा होईल आणि स्टॉकचे आकडे बदलायचे थांबतील.

फोटो लहान करायचा तो हे सगळं झाल्यावर. आधी केलात तर प्रोग्राम संध्याकाळऐवजी काही दिवसांनी पडेल आणि कारण शोधणं आणखी अवघड होईल.