एनसीसीनंतर इतक्या वर्षांनी क्लबच्या एअर रायफल मॅचला नाव द्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात एनसीसीत .२२ चालवली होती, त्यानंतर रायफल हातात धरलेली नाही. आता वय ४६. जवळच्या क्लबमध्ये रविवारी १० मीटर एअर रायफलची मैत्रीपूर्ण मॅच असते. स्वतःची रायफल नाही, येणारे बहुतेक शाळकरी. आधी वर्षभर सराव करावा की सरळ नाव द्यावं?

सरळ नाव द्या. दोन-तीन वेळा रेंजवर जाऊन रायफल हाताळून घ्या, सुरक्षेचे नियम पाठ करा आणि येत्या मॅचला उभे राहा. मी कोल्हापुरात राहते. मुलीला रेंजवर सोडायला जायचे, तिथूनच मीही लेनवर उभी राहू लागले. आता आमच्या क्लबची मॅच सहसा चुकवत नाही. वर्षभर फक्त सराव करून मग मॅचला आलेली माणसं मी पाहिली आहेत. मॅचमध्ये जे शिकायचं असतं, त्याची सुरुवात त्यांनाही पहिल्यापासूनच करावी लागली. म्हणून थांबू नका.

एनसीसीतलं काय उपयोगी पडेल आणि काय विसरावं लागेल, ते आधी सांगते, कारण तुमची खरी अडचण तिथे येणार आहे. तुम्ही २५ मीटरवर पोटावर झोपून फायर केलं असणार. दोन्ही कोपरं जमिनीवर, शरीर जमिनीला चिकटलेलं. त्या प्रोन प्रकाराला कमी लेखू नका. आमच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्येच विश्वविजेती झाली. पण १० मीटर एअर रायफल उभं राहून मारायची असते. टेकायला काही नाही, हातात चार-साडेचार किलोची रायफल (नियमाने साडेपाच किलोपर्यंत चालते) आणि समोर कागदावर काळा गोल, साडेतीस मिलिमीटर व्यासाचा. त्याच्या मधोमध दहाचा ठिपका, तो फक्त अर्धा मिलिमीटर.

हा आकडा ऐकून घाबरू नका, त्यामागचा हिशेब समजून घ्या. पेलेट, म्हणजे छर्रा, साडेचार मिलिमीटर जाडीची असते आणि तिची कड ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला की काम झालं. आता हेच मागे रायफलपर्यंत आणा. रायफलवर ज्यातून बघून नेम धरायचा त्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये पाऊण मीटरच्या आसपास अंतर असतं. तिथे या अडीच मिलिमीटरचे होतात जेमतेम ०.१९. साइट एकमेकींच्या रेषेतून एवढ्याशा सरकल्या की दहाचे नऊ. म्हणून ज्यांना खेळ कळतो ते टार्गेटकडे कमी बघतात. त्यांचं सगळं लक्ष पुढच्या साइटच्या रिंगमध्ये असतं. रिंग आणि काळा गोल यांच्यामधली पांढरी कड सगळीकडून सारखी दिसते का, एवढंच बघायचं.

एनसीसीतली ताकदीची सवयही सोडा. उभ्या पोझिशनमध्ये रायफल स्नायूंवर पेलायची नसते, हाडांवर ठेवायची असते. उजव्या हाताने फायर करणार असाल तर डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवा, मनगट सरळ, रायफल मुठीवर. वजन कोपरातून कमरेत आणि तिथून डाव्या पायात उतरू द्या. यासाठी पाठ किंचित मागे आणि टार्गेटपासून उलट्या बाजूला वळते. पहिल्यांदा ते विचित्र वाटतं, कंबर थोडी बोलते. पाठीचा जुना त्रास असेल तर कोचला आधी सांगा, लपवू नका.

मग डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट कुठे आहे? डावीकडे असेल तर हाताने उजवीकडे ओढू नका. पाय हलवा. मागचं पाऊल थोडं पुढे किंवा मागे सरकवलं की अख्खी रायफल वळते. ही तपासणी मॅचमध्ये दर दहा शॉटनंतर करावी असं माझं मत आहे, कारण माणूस नकळत सरकतो आणि हात त्याची भरपाई करत राहतात. तिसऱ्या सिरीजला (दहा शॉटची एक सिरीज) खांदे भरून येतात ते बहुधा यामुळेच.

आता मुख्य गोष्ट. मैत्रीपूर्ण मॅचला का जावं, याचं माझ्याकडे एकच उत्तर आहे: रायफल खाली घ्यायला शिकण्यासाठी.

रायफल खांद्याला लागली, साइट काळ्यावर स्थिरावली की साधारण आठ-दहा सेकंदांचा वेळ मिळतो. तेवढ्यात शॉट गेला तर ठीक. त्यानंतर डोळा थकतो, श्वास अडतो, हात थरथरू लागतात आणि मन म्हणतं, आता एवढं धरलंय तर मारूनच टाक. तो शॉट आठमध्ये जातो, कधी सातमध्ये. त्या क्षणी ट्रिगर सोडून रायफल स्टँडवर ठेवायची, श्वास घ्यायचा, परत उचलायची. सांगायला सोपं आहे. सरावात हे जमतं, कारण सरावात वाईट शॉट गेला तरी कुणी लिहून घेत नाही. ज्या कागदावर तुमचा नंबर आहे आणि जो नंतर पंचांच्या टेबलावर जाणार आहे, तिथे रायफल खाली घेणं अवघड जातं. ही सवय लागायला मोजला जाणारा शॉट हवा, आणि तो मोजला गेला तरी आयुष्याचं काही अडणार नाही अशी जागाही हवी. क्लबची मॅच नेमकी तशी जागा आहे.

मध्यंतरी माझ्या शेजारच्या लेनवर सातवीतली एक मुलगी होती. जॅकेट मोठ्या बहिणीचं असावं, बाह्या मनगटावर दुमडलेल्या. शेवटचा शॉट राहिला होता आणि वेळ बरा शिल्लक होता. तिने रायफल उचलली, गाल टेकवला, थांबली, खाली घेतली. पुन्हा उचलली, पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही तेच. मागे बाकावर तिची आई डबा मांडीवर घेऊन अगदी ताठ बसली होती. मुलीने हात झटकले, तळवा पँटला पुसला, चौथ्यांदा उचलली आणि शॉट गेल्यावरही दोन सेकंद तशीच रायफलमागे राहिली. दहा. मला तिचे दहा गुण आवडले, पण त्याआधीचे तीन नकार जास्त आवडले. शाळकरी मुलांमध्ये उभं राहायला तुम्हाला संकोच वाटतो म्हणता, पण मला त्यांच्याकडूनच बरंच मिळालं आहे. त्यांच्या शेजारी उभं राहा आणि बघा. बऱ्याच ठिकाणी पंचेचाळिशीच्या पुढच्यांचा मास्टर्स गट वेगळा असतो, त्यामुळे निकालही वेगळा लागेल.

शॉटनंतर रायफलमागे राहणं हा फॉलो थ्रू. पेलेट नळीतून बाहेर पडायला क्षणाचा काही भाग लागतो आणि तेवढ्यात डोकं उचललं की नळी हलते. कुठे लागलं हे बघायची घाई प्रत्येकाला असते. साइट शॉटच्या क्षणी कुठे होती ते आधी मनाशी म्हणा, उदाहरणार्थ “उजवीकडे, जरा खाली”, आणि मग टार्गेट बघा. दोन्ही जुळू लागलं की तुम्ही शिकू लागलात असं समजा. गुण किती ते नंतर.

मॅचची रीत सोपी आहे. मोठ्या स्पर्धेत ६० शॉट असतात, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटांत, आणि त्याआधी तयारी व साइटर्स, म्हणजे न मोजले जाणारे चाचणीचे शॉट, यांसाठी १५ मिनिटं. गुण दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९, म्हणजे एकूण ६५४. पूर्वी पूर्णांकातच मोजायचे. नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ साली ४०० पैकी ४०० केले होते, ते त्या पद्धतीत. क्लबच्या मॅचमध्ये सहसा २० किंवा ४० शॉट आणि कागदी टार्गेट असतं, त्यामुळे तिथे तुम्हाला हीच जुनी मोजणी भेटेल. दोरीवर किंवा मोटरवर टार्गेट पुढे जातं, शॉट झाला की परत येतं. काठावरच्या भोकासाठी पंच गेज (मोजायची खुंटी) घालून बघतात. तुम्हाला पटलं नाही तर शांतपणे फेरतपासणी मागता येते, पण गेज घातल्यावर जो निकाल येईल तो घ्यायचा.

साइटर्स मन लावून मारा. उधारीच्या रायफलची साइट आधीच्या माणसाच्या डोळ्याला लावलेली असते. पहिले पाच शॉट एका जागी जमतात का बघा. ग्रुप जमला की मगच साइटच्या स्क्रूचे क्लिक फिरवा. एकेका शॉटमागे क्लिक फिरवत राहिलात तर रायफल आणि तुम्ही एकमेकांचा पाठलाग करत राहाल. आणि क्लबच्या रायफलचा गालाचा किंवा खांद्याला टेकणारा बटचा तुकडा हलवण्याआधी विचारा. कुणीतरी तो स्वतःसाठी बसवलेला असतो.

सुरक्षेत मात्र मैत्री नाही, आणि नसावीच. नळी कायम टार्गेटच्या दिशेने. साइट काळ्यावर येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. हे तुम्हाला एनसीसीत शिकवलेलं आहे, पण तिथला ट्रिगर जड होता. मॅच एअर रायफलचा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही हलका असतो, बोट टेकतं ना टेकतं तोच शॉट जातो. “स्टॉप” ऐकू आलं की त्याच क्षणी थांबायचं, मग शॉट कितीही तयार असो. रायफल खाली ठेवताना नळीतून, ती रिकामी आहे हे दाखवणारा सेफ्टी फ्लॅग घातलेला हवा. कुणी टार्गेटकडे जात असेल तर रायफलीला हातसुद्धा लावायचा नाही. पेलेट शिशाच्या असतात, तेव्हा खाण्याआधी हात साबणाने धुवा. आमच्याकडे मॅचनंतर चहा आणि भडंग असतं, आणि नळापाशी एक ताई उभ्या राहून मुलांचे हात बघतात. मोठ्यांचेही बघतात.

रायफल विकत घ्यायची घाई नको. परदेशी मॅच रायफल लाखांच्या घरात जाते, जॅकेट-पँट-बूट वेगळे. वर्षभर क्लबची वापरा. पुढे घ्यावीशी वाटलीच तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, मात्र विक्रेता ओळखपत्राची नोंद ठेवतो. वापरलेली घेणार असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघा. स्पर्धेत दहा वर्षांपुढचा सिलिंडर चालत नाही. .२२ साठी परवाना लागतो, ती क्लबच्या रेंजवर क्लबच्या देखरेखीखालीच.

पुढे किती जाता येईल, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. एनसीसीत रायफल पहिल्यांदा हातात घेतलेल्या नेमबाज अंजली भागवत सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून) कांस्य आणलं. त्या फायनलमध्ये नीलिंग, म्हणजे गुडघ्यावरचं फायरिंग, संपल्यावर तो सहावा होता. प्रोनमध्ये एक पायरी चढला आणि उभ्या पोझिशनमध्ये तिसरा आला. आमच्या रेंजवर आम्ही सगळे मोबाईलभोवती गोळा होऊन ती फायनल बघत होतो, आणि प्रत्येक शॉटआधी तो किती वेळ घेतो इकडेच सगळ्यांचं लक्ष. मुलं त्या दिवशी नंतर जेवायलाही गेली नाहीत, थेट लेनवर. तुम्हाला ४६ व्या वर्षी ऑलिंपिक गाठायचं नाही, पण जिल्हा आणि राज्य स्पर्धेचं दार याच क्लबमधून उघडतं, आणि मास्टर्स गटात तुमच्या वयाची माणसं तिथे जातात.

रविवारी जाताना ओळखपत्र, पाण्याची बाटली, सपाट तळव्याचे बूट आणि अंगाबरोबरचा जाड स्वेटशर्ट घ्या, जॅकेट मिळालं नाही तर तो कामाला येतो. चष्मा असेल तर तोच लावून फायर करा, रेंजवर पोचल्यावर काढू नका. सकाळी पोटभर खा पण चहा एकच घ्या, दुसऱ्या कपाने नाडी वाढते आणि ती साइटमध्ये दिसते. आणि नाव लिहिताना पहिली डिटेल, म्हणजे पहिल्या तुकडीतली पाळी, मागून घ्या. शेडवर पत्रा असेल तर अकरानंतर जॅकेटमध्ये उभं राहवत नाही.